दुःख आपण दिलं नाही, पण वही आपल्या हातात आहे

तळेगाव (श्यामजी पंत) परिसरात शेतकरी आत्महत्येवर प्रकल्प करणारा विद्यार्थी एखाद्या घरात जातो, तेव्हा मनाशी म्हणतो, 'हे मी केलेलं नाही, मी फक्त नोंद करतोय.' हे अर्धंच खरं आहे. मृत्यूला तो जबाबदार नसतो. पण कोणाच्या घरी जायचं, काय विचारायचं आणि काय वगळायचं, हे तोच ठरवतो.

वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्याच वर्षीच्या शासन निर्णयात एक लाखाच्या मदतीसाठी अटी आल्या: कुटुंबाच्या नावे शेती हवी; बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज हवं. ज्याच्या घरी सातबारा नाही, जो बटईनं वाहतो किंवा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करतो, तो 'अपात्र'. आपल्या समाजातील भूमिहीन कुटुंबं याच रांगेत आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानंही शेतमजुरांच्या आत्महत्या वेगळ्या दाखवल्या त्या २०१४ च्या अहवालापासून. संशोधकानं केवळ 'पात्र' यादीवरून घरं निवडली, तर अन्याय त्यानं सुरू केला नाही, पण पुढे चालवला.

अमेरिकेतील टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा 'अभ्यास' केला. आजार त्यांनी दिला नव्हता. पण पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. फक्त नोंदी ठेवल्या. ते नुसते बघे नव्हते, गुन्हेगार होते.

म्हणून आपल्या तरुणांनी काही गोष्टी पाळाव्यात. घरच्या बाईची परवानगी आधी घ्या. 'नाही' म्हणाली तर परत फिरा. शेजाऱ्यांसमोर 'दारू प्यायचे का' असं विचारू नका. फोटो, नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. मदतीचा अर्ज, वारस नोंद, विधवा निवृत्तीवेतन यांची माहिती घेऊनच जा. घरात आणखी कुणी खचलेलं दिसलं, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्याला दवाखान्यात न्या. आणि निष्कर्ष आधी त्या गावाला सांगा.

विनयपिटकात भगवान बुद्ध घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. संघाला जाब विचारतात तो त्यानंतर. चौकशी हवीच, पण हात आधी पुढे झाला पाहिजे.