जिभेची जखम आणि ‘कितवी स्टेज?’

जिभेचा कर्करोग आहे असे कानी पडले, की घरची मंडळी पहिला प्रश्न करतात, ‘डॉक्टर, कितवी स्टेज?’ प्रश्न रास्त आहे. पण उत्तर ताबडतोब हवे आणि तपासण्या मात्र नकोत, ही आपली रीत रास्त नाही. स्टेज म्हणजे तोंड पाहून बांधलेली अटकळ नव्हे. ती मोजून ठरते. ज्याने मोजू दिले नाही त्याचा उपचारही नेमका होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोजायच्या गोष्टी तीन. पहिली, जिभेवरची गाठ केवढी व किती खोल. कुंदा वर चार पानेच दाखवतो, मुळे मात्र हातभर खाली गेलेली असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गाठीचेही तसेच. पूर्वी तिच्या आकारावरच भर असे. टीएनएम नावाच्या जागतिक पद्धतीच्या आठव्या आवृत्तीने खोलीही हिशेबात धरली. अमेरिकेत ती २०१८ पासून लागू झाली. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, खोली ५ मिलिमीटरपर्यंत आणि रोग इतरत्र कोठेही नाही, तर पहिली स्टेज. तेवढीच गाठ ५ मिलिमीटरहून खोल गेली तर दुसरी. जबड्याचे हाड पोखरले तर चौथी.

दुसरी गोष्ट मानेतल्या गाठी. जिभेवरची जखम लहान असली, तरी त्याच बाजूला मानेत रोगाची एक लहान गाठ सापडली तर स्टेज तिसरी होते. अशा गाठी अनेक असल्या, ३ सेंटिमीटरहून मोठ्या झाल्या, दुसऱ्या बाजूला गेल्या किंवा गाठीचे आवरण फोडून रोग बाहेर आला, तर चौथी. तिसरी गोष्ट, रोग फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात पोचला आहे का.

यासाठी डॉक्टर जीभ व मान बोटांनी चाचपतात, जखमेचा तुकडा काढून तपासतात, सीटी किंवा एमआरआय करतात. तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. रोग पसरतो तो वाट पाहण्याने.

हाताला गाठ लागली नाही म्हणजे मान स्वच्छ, असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेली पाहणी बोलकी आहे. तोंडाचा, बहुतेकांत जिभेचा, लहान कर्करोग असलेले आणि मानेत गाठ न लागणारे ते रुग्ण होते. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आलेला अहवाल हाच पक्का धरावा. त्यात आधीची स्टेज बदलली, तर डॉक्टर चुकले असे म्हणू नये.

चौथी स्टेज ऐकून रुग्णाला घरी आणून ठेवणे, हा तर मोठाच अन्याय. चौथीतही पोटभाग आहेत. रोग दूर पसरलेला नसेल, तर कित्येकांना शस्त्रक्रिया व किरणोपचार देता येतात.

बेळगाव जिल्ह्यात निपाणीकडे तंबाखू पिकते. ती विकणारा शेतकरीही चुना लावून तीच गालात धरतो. घरातल्या बायका मशेरी लावतात. जिभेला जखम झाली तर ‘दात लागला असेल, सुगी झाली की दाखवू’ म्हणतात. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून आणखी फावते. बंधुभगिनींनो, ज्वारी दोन दिवस उशिरा कापली तर चालते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, मानेतली गाठ हे मात्र थांबत नाही. दात टोचत असेल तर तो घासून घ्या, तंबाखू सोडा, आणि तरीही जखम भरली नाही तर डॉक्टर गाठा.

तेथे नुसते ‘कितवी स्टेज?’ विचारून उठू नका. गाठ केवढी व किती खोल, मानेत काय आढळले, दूर काही आहे का, हे तिन्ही विचारा आणि कागद जपून ठेवा. सात-बाऱ्याचा उतारा आपण जपतोच. हा कागद त्याहून मोलाचा आहे.