तेलाला भांडं हवं



हनुका जवळ आला की मोठी माणसं विचारतात, यंदा करंज्या की सुफगानियोत? आणि मुलं म्हणतात, तेलाची गोष्ट सांगा. यंदा तेलाचीच सांगतो, पण तळून झालेल्या तेलाची.

माझा थोरला नातू लष्करातून सुटून आला आणि मित्राबरोबर एक धंदा सुरू केला. गावातली फलाफलची दुकानं, हॉटेलं, बेकऱ्या यांच्याकडून तळणाचं जुनं तेल गोळा करायचं आणि बायोडिझेल बनवणाऱ्या कारखान्याला द्यायचं. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, "अरे, तुझ्या खापरपणजोबांनी घाण्यावर तेल काढलं, आणि तू उरलेलं गोळा करतोस!"

मुलांनो, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कोकणात आपल्या लोकांचा धंदा तेलाचा. अलिबागच्या बाजूला गावोगाव आपले घाणे होते. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद, बैलालाही सुट्टी, म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. घाण्याजवळ पळी, नरसाळं, गाळायची चिंधी आणि तेलाचे बुधले असायचे. तेल चांगलं निघालं आणि बुधला ओलसर निघाला तर सगळी मेहनत पाण्यात, असं माझे आजोबा सांगत. पोरांच्या धंद्याचंही तेच झालं.

सुरुवातीला त्यांनी फुकटातलं भांडं निवडलं. हॉटेलात नवं तेल १८ लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. तेच रिकामे कॅन तिथेच ठेवायचे आणि जुनं तेल त्यात भरून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण कॅनचं तोंड केवढं? लिंबाएवढं. नरसाळं लावल्याशिवाय ओतता येत नाही, आणि नरसाळं दुसऱ्या दिवसापासून सापडत नाही. रात्री अकराला भांडी घासणारा पोरगा दिवसभर उभा राहून कंटाळलेला असतो. तो थेंब थेंब ओतत बसेल का? एका ठिकाणी सरळ मोरीत ओतू लागले, आणि दोन महिन्यांत नळी तुंबली.

दुसऱ्या ठिकाणी त्याहून वाईट झालं. तळणाचं तेल १७०–१८० अंशांचं असतं. या कॅनचं प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. कढईतलं तेल निवायच्या आधीच कुणीतरी ओतलं. कॅन खाली बसला, तेल फरशीवर आलं आणि भांडी घासणाऱ्या मुलाच्या हातावर फोड आले. आमचा नातू त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "सबा, कॅन मी ठेवला होता ना तिथे."

मग पोरं दुसऱ्या टोकाला गेली. लोखंडी मोठं पिंप आणलं, २०० लिटरचं. गरम तेलाची भीती गेली. पण हिशेब करा मुलांनो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण ९२० ग्रॅम. म्हणजे २०० लिटरचे १८४ किलो, वर पिंपाचं वजन वेगळं. एवढं धूड दोघा पोरांनी फळीवरून गाडीत चढवायला घेतलं, ते घसरलं आणि मित्राच्या पायाचं बोट मोडलं. शिवाय पिंप अंगणात उघड्यावर होतं. झाकण नीट बसलं नव्हतं, रात्री पाऊस झाला, आणि कारखान्याने सगळा माल परत पाठवला.

पाण्याचं एवढं वावडं का? बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि थोडं क्षार घालतात. तेलात पाणी असलं तर इंधनाऐवजी साबण होऊ लागतो. अन्नाचे कण राहिले तर तेल लवकर खवट होतं आणि त्यानेही साबणच वाढतो. (मिथेनॉल विषारी आहे आणि भडकन पेटतं, तेव्हा घरी हा उद्योग कुणीही करू नये. नव्या मोटारीत नुसतं जुनं तेलही ओतू नये.) पाणी आहे का ते आपल्या आज्यांना विचारा. चमचाभर तेल तापवलं आणि तडतडलं की समजावं, पाणी आहे. मुलांनी हे तापवायला जाऊ नये. त्यांनी काचेच्या बाटलीत थोडं तेल आणि थोडं पाणी घालून हलवावं आणि तासभर ठेवून द्यावं. पाणी कुठे जातं ते बघा.

शेवटी एका संध्याकाळी नातू माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "सबा, तुम्ही सांगा, कसलं भांडं घेऊ?" मी म्हटलं, "भांडं कसलं ते मग. आधी सांग, ओतणारा कोण आणि उचलणारा कोण?" ओतणाऱ्याला तोंड मोठं हवं, उचलणाऱ्याला वजन कमी हवं. दोघांचं जमलं तरच धंदा जमेल.

आता त्यांच्याकडे ६० लिटरची निळी पिंपं आहेत, ऑलिव्ह आणि लोणची येतात तसली. तोंड पातेल्याएवढं, वर झाकण आणि त्यावर लोखंडी पट्ट्याचा चाप. भरली की ५५ किलोच्या आसपास, चाकाच्या गाड्यावर एकटा माणूस नेतो. खाऱ्या पाण्याचा अंश राहू नये म्हणून ती धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घेतात. पण तेल भरलं की पिंप सावलीतच. उन्हाने तेलही बिघडतं आणि प्लास्टिकही तडकतं. तोंडावर पोलादी चाळण बसते, तिच्यात तळलेले कण अडकतात. हिवाळ्यात जेरुसलेमकडच्या हॉटेलांतलं पाम तेल तुपासारखं गोठतं. अरुंद तोंडाच्या कॅनमधून ते निघतच नाही, यातून उलथण्याने काढता येतं. तांब्या-पितळेचं भांडं मात्र नको, त्यात तेल लवकर खराब होतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको.

गरम तेलाचं काय? ते आधी स्टीलच्या पातेल्यात रात्रभर निवतं, सकाळी पिंपात जातं. यासाठी पोरांनी प्रत्येक हॉटेलाला एक पातेलं फुकट दिलं. माझ्या मते सगळ्या खरेदीत शहाणपणाची खरेदी तीच.

आणि चाप कशाला? एक तर पाऊस. दुसरं, जुनं तेल चोरून, गाळून पुन्हा खाण्याच्या तेलात मिसळणारे लोक जगात आहेत. भारतात २०१८ पासून तळणाचं तेल किती बिघडेपर्यंत चालेल याची मर्यादा ठरली आहे, आणि जुनं तेल इंधनाकडे वळवायची सरकारी योजनाही त्याच वर्षी निघाली. भांडं बंद असलं तर आतल्या मालाबद्दल खात्रीने बोलता येतं. हनुक्याची कुपी आठवा. मंदिरात तेल पुष्कळ सापडलं असेल, पण दिवा लावायला चालली ती एकच, कोहेन गादोलचा शिक्का शाबूत असलेली.

भांड्यांची दुसरी गोष्ट एलिशा नवीची, दुसरे राजे, चौथा अध्याय. सावकार विधवेची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला आला. घरात तेलाची एक कुपी तेवढी. एलिशाने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितली, आणि कमी आणू नकोस असंही बजावलं. ती ओतत राहिली, मुलं भांडी पुढे करत राहिली. भांडी संपली आणि तेल थांबलं. लहानपणी मला वाटायचं, आणखी चार भांडी आणली असती तर! नातवाला हे सांगितलं तर म्हणतो, "सबा, तिला चाळण लागली नाही, एवढं तिचं बरं."

यंदा हनुक्याला बेकऱ्यांमध्ये जादा पिंपं ठेवली आहेत. शुक्रवारी सकाळी सगळी रिकामी करून आणायची, म्हणजे शब्बाथला कुणाला हात लावावा लागत नाही. शनवार तेलीच म्हणा की! पिंपांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या आहेत, म्हणजे कुणी त्यात साबणाचं पाणी किंवा गाडीचं ऑइल ओतू नये. स्वयंपाकघरात कामाला नाना देशांची माणसं, म्हणून हिब्रू, अरबी, रशियन आणि खाली कढईचं चित्र. एका पिंपावर मराठीतही लिहिलं आहे, माझ्या हाताने. ते आमच्या जिन्याखाली असतं आणि त्यात आमच्या इमारतीतल्या सगळ्या घरांचं तेल जातं.