लोणेरेला पाठवायचं का?



बारावीचा निकाल लागला की कर्जत-खालापूरच्या घरांत हिशोब सुरू होतो: लेकीला इंजिनीअरिंगला कुठे घालायचं? माझं मत, गुण पुरत असतील तर आधी लोणेरे पाहा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात झालं. मात्र ते आता राज्यभरच्या खासगी कॉलेजांनाही संलग्नता देतं. विद्यापीठाचं नाव तेच, फी त्या त्या कॉलेजची. म्हणून जागा लोणेरे कॅम्पसची आहे की संलग्न कॉलेजची, हे आधी विचारा.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, कॅपमधून प्रवेश घेतला तर खासगी कॉलेजातही. तेव्हा या मुलींनी नुसत्या फीसाठी लोणेरे निवडू नये, शाखा पाहावी. केमिकल, पेट्रोकेमिकल घ्यायचं तर पाताळगंगेपासून नागोठणे, रोहा, महाडपर्यंत कारखाने आहेत. कॉम्प्युटरच हवं, तर कर्जत लोकलने जाऊन घरी जेवणारी मुलगीही मागे पडत नाही.

होस्टेल, मेस, येणं-जाणं मात्र माफ होत नाही. त्यात आपला चौविहार, कांदा-बटाटा वर्ज्य. मेसमध्ये जमलं नाही तर दोघी-तिघींनी खोली घेऊन रांधावं, गॅसचा खर्च हिशोबात धरावा. पण तेवढ्यासाठी चांगली शाखा सोडू नये. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.