डाख द्यावा की चेपून घ्यावं?

सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. घरात सासऱ्यांच्या हौसेचा जुना ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्या आहेत. गणपतीत पेट्या खाली मांडवात नेल्या, परत आणल्या, आणि तेव्हापासून डावी पेटी मधूनच खरखरते, मधूनच मुकी होते. एका मेकॅनिकनं सांगितलं, ‘सगळ्या जोडांना डाख देऊ.’ दुसरा म्हणाला, ‘डाख कशाला, लग चेपून लावा.’ तिसऱ्यानं सरळ ‘भंगारात द्या’ असा निकाल दिला! सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट याच डेकवर वाजते, तेव्हा भंगाराचं नाव घरात काढायची सोय नाही. कोणाचं ऐकावं, असं त्या विचारतात.

तिसऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. हलवाहलवीनंतर आवाज मधूनच जाऊ लागला की पहिला संशय जोडावर घ्यावा. खात्री करून घेणं सोपं आहे. सेट बंद करा, प्लग काढा आणि ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या पेटीच्या तारांची अदलाबदल करा. आता लावून पाहा. तीच पेटी मुकी राहिली तर दोष तारेत किंवा पेटीत. ती बोलू लागली आणि दुसरी गप्प झाली, तर दोष सेटच्या आत किंवा त्याच्या मागच्या स्क्रूंपाशी. एवढं कळलं की मेकॅनिकशी बोलताना तुमचं पारडं जड! सेटचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आता डाख, म्हणजे सोल्डरिंग. यातलं निम्मं शास्त्र आपल्याला कल्हईवाल्यानं केव्हाच शिकवलंय. आठवतं ना, तो भांडं आधी तापवायचा, नवसागर टाकून मळ जाळायचा आणि मग कथील फिरवायचा. भांडं थंड किंवा मळकट असेल तर कथलाचे गोळे होतात, पसरत नाही. डाखाचंही अगदी तसंच. कथील इस्त्रीवर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नवर, वितळवून वरून ठिपका टाकायचा नसतो. जोड तापवायचा आणि त्या उष्णतेनं कथील आपणहून पसरलं पाहिजे. नुसता वर बसलेला मण्यासारखा गोळा दिसला तर समजावं की आत जोड कच्चाच आहे. असा डाख महिनाभर वाजतो आणि मग खरखर सुरू होते.

कल्हईचं निव्वळ कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रेडिओवाल्याच्या नेहमीच्या तारेत ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असतं, ती १८३ अंशांपासूनच वितळू लागते. नवसागराच्या जागी तिच्या पोटातच राळ असते. पत्र्याच्या कामाची ॲसिडची पेस्ट मात्र तारेला कोणाला लावू देऊ नका. ती मागे राहून तांबं खात बसते आणि वर्षभरात जोड हिरवा पडतो.

दुसरी पद्धत चेपण्याची. लग म्हणजे तांब्याची छोटी नळी, पुढे स्क्रूसाठी भोक किंवा चपटी खोबण. सोललेली तार नळीत घालून खास पक्कडीनं ती चेपायची. दाब इतका बसतो की तारेचे पदर आणि नळी एकजीव होऊन आत हवासुद्धा शिरत नाही, मग गंज कुठून चढणार? पण हे सगळं त्या खास पक्कडीनं. साध्या पक्कडीनं चपटं केलेलं किंवा दातांनी दाबलेलं (हो, तसेही महाभाग आहेत!) याला चेपणं म्हणत नाहीत. तार दीड चौरस मिलिमीटरची तर लगही त्याच मापाचा हवा. प्लॅस्टिकच्या टोपीच्या लगांत बहुधा लहान तारेला तांबडा, मधल्या तारेला निळा, जाडीला पिवळा असा रंग असतो. चेपून झालं की चांगली ओढून पाहावी. सुटली तर आत्ताच सुटलेली बरी.

मग कुठे काय? जिथे तार स्क्रूखाली दाबली जाते किंवा सतत हलते, तिथे चेपलेला लग. सेटच्या आतल्या पट्टीवर आणि डेकच्या बारीक तारांच्या पिनांना डाख. माझं मत विचाराल तर डाव्या पेटीच्या तारेला दोन्ही टोकांना योग्य तो लग लावून घ्या, आणि सेटच्या आत काही सैल निघालं तरच तिथे डाख द्यायला सांगा. स्पीकरच्या मागच्या पट्ट्यांवर सरकवून बसणारे चपटे लग मिळतात. त्यामुळे पुढच्या गणपतीत पेटी सहज सोडवताही येईल.

पहिल्या मेकॅनिकच्या ‘सगळ्या जोडांना’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. पुष्कळजण तारेचे सुटे पदर आवरावेत म्हणून टोकाला कथील चढवतात आणि ते स्क्रूखाली आवळतात. दिसतं नीटस, पण कथील मऊ. सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं, आणि आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी ढिला पडतो. शिवाय जिथे कथील संपतं तिथे तार कडक होऊन मोडते. पेटीची तार सुटून लाल-काळी एकमेकींना चिकटली तर सेटमधले ट्रान्झिस्टर जळू शकतात.

प्लगमध्ये आणि एक्स्टेन्शन बोर्डात तर हा प्रकार नकोच नको! ढिला जोड तापतो. ज्या बोर्डावर सेट लावता त्याच बोर्डावर दुपारी १००० वॉटची इस्त्री लावली, तर चार ॲंपिअरहून जास्त वीज त्याच ढिल्या स्क्रूतून जाते. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियमांतसुद्धा दाबाखाली येणाऱ्या तारेला असं कथील चढवण्याला मनाई आहे. तो सरकला तरी जोड ढिला होणार नाही अशी खास रचना असेल तेवढीच सूट. तेव्हा मेकॅनिक घरी आलाय तर प्लगही उघडून दाखवायला सांगा. कथील दिसलं तर तेवढं टोक कापायचं, नवी तार सोलायची आणि लग किंवा पिन चेपून आवळायची.

आवाज कशानं गोड होतो, असंही पत्रात विचारलंय. दोन्ही जोड नीट केलेले असतील तर कानाला फरक कळत नाही. चांगल्या जोडाचा अडथळा एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणि स्पीकर आठ ओहमचा, कुठून कळणार? चांदी मिसळलेल्या महाग डाखाला म्हणून भुलू नका.

डाखाचं काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू देऊ नये. खिडकी उघडी ठेवा. राळेच्या धुरानं दमेकऱ्यांना त्रास होतो, आणि शिसं हाताला लागतं, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुवायला लावा. जमिनीवर पडलेले थेंब रांगत्या मुलाच्या आधी तुम्ही वेचा.

दुरुस्ती झाली की ओव्यांची कॅसेट लगेच लावू नका हं. आधी एखादी साधी कॅसेट बारीक आवाजात अर्धा तास वाजवा, तारा हलक्या हातानं हलवून पाहा, मग सेट बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. गार असेल तर सासूबाईंना हाक मारा.