सिंह कुणी चेपला?

गेल्या दिवाळीत जबलपूरला आत्याकडे गेले होते. फराळाचं ताट पुढे येण्याआधीच देवघरातली डबी पुढे आली. आत कापसात गुंडाळलेलं 1995 सालचं एक रुपयाचं नाणं! सिंह लांबट, अक्षरं ओघळलेली.

"टांकसाळीची चूक आहे म्हणे. फोनवरचा माणूस दोन लाख देतोय. फक्त नोंदणीचे अडीच हजार आधी भरायचेत," आत्या म्हणाली.

तिच्या पेन्शनीतून अडीच हजार! मी म्हटलं, "थांब, आधी नाणं तरी नीट पाहू."

तुमच्याही घरी असं एखादं नाणं असेल, तर एवढंच पाहा: ते बिघडलं छाप पडताना की छाप पडल्यावर? टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. ती सरकली तर चित्र अर्धवट उमटतं. पण जेवढं उमटतं तेवढं ठसठशीत असतं आणि उरलेला भाग कोरा राहतो. आत्याचा सिंह अर्धा नव्हता. पुरता होता, पण ताणलेला, आणि मागची बाजूही त्याच दिशेने ताणलेली. हे काम टांकसाळीबाहेरचं.

आत्या हटेना. कमानिया गेटजवळच्या सराफ्यात जाऊन तिने नाणं तोलून आणलं. बरोबर 4.85 ग्रॅम! "बघ, अस्सल आहे!" अस्सल होतंच की. चेपल्याने वजन घटत नाही. कानशीने घासलं किंवा अ‍ॅसिडात बुडवलं तर घटतं.

सर्वांत फसवी ती 'लाखी'. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा छाप बसतो. मग एका बाजूला नेहमीचं चित्र, दुसरीकडे तेच चित्र उलटं आणि खोलगट. खऱ्या लाखीला संग्राहक चांगले पैसे देतात (नावावरून लाखाची आशा मात्र धरू नये). पण दोन नाणी फिटरच्या व्हाइसमध्ये आवळूनही असा खळगा पाडता येतो. तेव्हा मूळ छाप खाली पुसट दिसत राहतो आणि मागची बाजू चपटी होते. भिंग घेऊन बघा.

शिवराईची गोष्ट वेगळी. ती हाताने ठोकलेली, ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे कडेची अक्षरं कापली जायचीच. तिला 'चूक' म्हणून कुणी जादा भाव सांगितला, तर सरळ पुढचं दुकान गाठावं.

राहिला फोनवरचा माणूस. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच लोकांना सावध केलं होतं की, जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागितला जातो. बँक असले व्यवहार करत नाही आणि असे पैसेही घेत नाही. हे वाचून दाखवल्यावर आत्याने अडीच हजार पुन्हा कपाटात ठेवले, पण फुरंगटूनच.

संध्याकाळी आतेभाऊ कामावरून आला आणि नाणं पाहून हसतच सुटला. "आई, हे माझं! शाळेत असताना ग्वारीघाटला छोट्या लाइनच्या रुळावर ठेवलं होतं." ती छोटी लाइन 2015 साली बंद झाली.

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे दुधाचा रुपया तू हरवला नव्हतास तर!"