व्यवस्थापन शिक्षण आणि आपली मुले

एम.बी.ए. हे धनिकांच्या मुलांचे शिक्षण, हा समज आपल्या समाजात अजून घट्ट आहे. वास्तविक ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे आपण वारस आहोत. भांडवल आणि बाजार यांचे ज्ञान आपल्याला परके कसे?

आय.आय.एम.मध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. ‘कॅट’ परीक्षेसाठी त्यांना पदवीला ४५ टक्के गुण पुरतात, शुल्कही निम्मे लागते. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्रात हे हक्क मिळाले. तरीही आमची मुले मागे पडतात, ती बुद्धीने नव्हे, माहितीच्या अभावाने. केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला ऐनवेळी हाती नसतो. पुढे लाखांचे शुल्क आणि गटचर्चेतील इंग्रजी यांपुढे मन खचते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे, की प्रत्येकाने एका मुलाची जबाबदारी घ्यावी. त्याचा दाखला पदवीच्या दुसऱ्या वर्षीच काढून घ्यावा, मुलाखतीचा सराव करवून घ्यावा, शिष्यवृत्तीचा व शैक्षणिक कर्जाचा अर्ज शेजारी बसून भरावा. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.

जय भीम!