ही फेरी कुणाची?

मराठीत आपण कुत्र्याला ‘फिरवतो’. क्रियापद प्रयोजक आहे: फिरणारा तो, फिरवणारे आपण. सकाळी सहा-साडेसहाला पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठाने किंवा नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून जाणाऱ्या जोड्या पाहिल्या की व्याकरण किती अचूक आहे ते पटतं. माणसाच्या कानाला फोन, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. कुत्रा विजेच्या खांबापाशी थांबतो, नाक खाली घालतो आणि दोन-तीन सेकंदांत पट्ट्याला हिसका बसतो. ‘चल, चल.’ पुढच्या झाडापाशी पुन्हा तेच. अर्ध्या तासात दोन फेऱ्या होतात, शू-शी आटोपते, घर येतं. कुत्र्याला व्यायाम झाला, असं आपण समाधानाने म्हणतो. माझं म्हणणं असं की त्या हिसक्यासरशी त्याची फेरीच आपण काढून घेतलेली असते. कारण त्याच्या लेखी चालणं हा फेरीतला किरकोळ भाग आहे. तो बाहेर पडतो ते हुंगायला.

माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, वीस ते तीस कोटींपर्यंत. हा आकडा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. त्याहून नवलाची आहे ती नाकाची घडण. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याने हुंगलेली हवा नाकात शिरताच दोन वाटांनी जाते: एक श्वासासाठी फुफ्फुसाकडे, दुसरी नाकाच्या मागच्या बाजूच्या, केवळ वासासाठी राखलेल्या कप्प्याकडे. उच्छ्वास नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून मागे सोडला जातो, म्हणजे समोरचा वास उधळत नाही. हे सगळं सेकंदाला साधारण पाच वेळा. टाळूच्या वर आणखी एक इंद्रिय आहे, ते दुसऱ्या कुत्र्याच्या मुतातले निरोप ओळखतं: नर की मादी, माजावर आहे की नाही, ओळखीची की परकी. वास ताजा की शिळा यावरून कोण केव्हा येऊन गेलं याचाही अंदाज लागत असणार. खांब म्हणजे त्याच्या गावचा पार. फक्त इथे बसणारी मंडळी एका वेळी येत नाहीत, आपापली बातमी ठेवून जातात. तलावावरचा केशरी सूर्योदय मात्र आपल्यासाठीच, कारण कुत्र्याच्या डोळ्यांना निळ्या-पिवळ्यापलीकडचे रंग वेगळे कळत नाहीत.

नाक तल्लख आहे, मान्य. पण ते वापरू दिल्याने कुत्रा सुखी होतो हे कशावरून, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. त्याच्या जवळ जाणारा एक प्रयोग शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोघींनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. कुत्र्यांना आधी शिकवलं की एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी ठेवलेल्यात नसतो. मग भांडं मधोमध ठेवलं आणि कुत्रा त्याकडे किती वेळात जातो ते मोजलं. झटकन गेला तर त्याला आशा आहे, रेंगाळला तर शंका. त्यानंतर दोन आठवडे निम्म्या कुत्र्यांनी लपवलेला खाऊ हुंगून शोधायचा खेळ केला, उरलेल्यांनी मालकाच्या टाचेला टाच लावून चालण्याचा सराव. पुन्हा मोजणी झाली तेव्हा हुंगणारे कुत्रे मधल्या भांड्याकडे पहिल्यापेक्षा लवकर गेले. शिस्तीत चालणाऱ्यांत फरक पडला नाही. प्रयोगात कुत्रे वीसच होते आणि खाऊ शोधणं म्हणजे रस्त्यावरची फेरी नव्हे, तेव्हा त्यावर फार मोठा मनोरा रचू नये. पण ज्याला आपण ‘शहाण्यासारखं चालणं’ म्हणतो त्याने कुत्र्याच्या मनाची उभारी वाढलेली दिसली नाही, आणि नाक चालवल्याने दिसली, एवढं तरी त्यातून हाती लागतं.

यावर पहिली हरकत शिस्तीची. कुत्र्याला पुढे जाऊ दिलं, हवं तिथे थांबू दिलं, तर तो डोक्यावर बसेल. कळपाचा म्होरक्या आपणच असलं पाहिजे. हा समज लांडग्यांवरून आला. अमेरिकेतले लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना घरोघरी पोचवली. तिच्यामागचे आधीचे अभ्यास मात्र बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरचे होते. पुढे मेच यांनीच मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून मिळवलेलं सिंहासन तिथे नसतं. स्वतःच्या त्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. आपल्याकडचे हौशी प्रशिक्षक अजून पहिल्याच आवृत्तीवर आहेत. पट्टा ताणणारा कुत्रा ही खरी अडचण आहे, विशेषतः वयस्कर माणसाच्या हातात. पण तिचा उपाय हुंगणं बंद करणं हा नव्हे. रस्ता ओलांडताना, गर्दीत, शाळेच्या फाटकापाशी जवळ चालायचं, आणि मोकळ्या जागी पट्टा सैल सोडून ‘जा, हुंग’ असं एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं. दोन्हींतला फरक कुत्र्याला चटकन उमगतो. तसंही, भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या मराठी माणसाला, कुत्रा पुढे आणि माणूस मागे, या क्रमाची एवढी धास्ती का वाटावी?

वेळेची तक्रार मला कमी पटते. हुंगत फिरायला जास्त वेळ लागत नाही, फक्त अंतर कमी कापलं जातं. आणि हुंगण्यानेही कुत्रा दमतो. विमानतळांवर सामान तपासणाऱ्या श्वानपथकातल्या कुत्र्याला थोडा वेळ काम आणि मग विश्रांती अशा पाळीने वापरतात, कारण नाक लावून काम करणं थकवणारं असतं. घरातला कुत्राही दोन फेऱ्यांऐवजी एकाच गल्लीत रमला तर दमूनच घरी येईल. अपवाद आहेत. उमदं लॅब्रेडोर किंवा धावण्यासाठीच घडलेला, वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा आपला कारवान यांना दौडही हवी. उलट चपट्या नाकाच्या पगला कोकणातल्या दमट उकाड्यात पळवणं धोक्याचंच; त्याच्यासाठी सावलीतली रमतगमत फेरी हाच व्यायाम.

सगळ्यात वजनदार हरकत घाणीची, आणि ती धरून बसणाऱ्यांना मी हसणार नाही. कचराकुंडीशेजारी कोंबडीची हाडं, कुठे उंदरांसाठी टाकलेलं विष, गवतात गोचिड्या, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस. शिवाय आपला तालुका तळोजा औद्योगिक वसाहतीचाही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथले भटके कुत्रे निळे दिसू लागले, कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्याचा मुद्दा गाजला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखान्यावर कारवाई करावी लागली. तेव्हा नाक कुठे घालू द्यायचं हे माणसानेच ठरवायचं, यात वाद नाही. नाल्याकाठ, कुंडी, मासळीबाजाराची मागची बाजू टाळायची. लसी वेळेवर, गोचिडीचं औषध महिन्याच्या महिन्याला, घरी आल्यावर पाय पुसून बोटांच्या बेचक्या तपासायच्या. पण जागा निवडणं वेगळं आणि प्रत्येक खांबाला हिसका देणं वेगळं. गंमत म्हणजे पावसाळ्यात आपण फेऱ्या कमी करतो, आणि ओलसर हवेत वास जमिनीलगत जास्त टिकतात. म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने सुगी असते तेव्हाच आपण दार लावून बसतो. उघडीप साधून साचलेल्या पाण्यापासून दूर वीस मिनिटं नेलं तरी पुष्कळ. उन्हाळ्यात मात्र डांबरावर हाताची मागची बाजू टेकून पाहावी. आपल्याला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनीही तिथे चालू नये.

उरतात शेजारी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे गृहनिर्माण सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. ते कलम मालकांना तोंडपाठ असतं. त्याच सूचनांत पट्टा लावा आणि घाण उचला असंही सांगितलंय, ते बरेच जण विसरतात. गाडीच्या टायरवर, कुणाच्या तुळशीवर, दुकानाच्या पायरीवर कुत्र्याला पाय वर करू देणं आणि ‘त्याला हुंगू देतोय’ म्हणणं ही लबाडी आहे. हुंगायला परवानगी, मुतायला जागा ठरलेली, पिशवी खिशात. वाटेवर राहणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून नाजूक. त्यांच्या हद्दीतले वास आपला कुत्रा वाचत असतो, आणि ते त्याला वाचत असतात. हिसका देत, घाईने, ताठ पट्ट्याने गेलं तर तणाव दोन्हीकडे वाढतो. थोडं अंतर ठेवून, वळसा घेऊन गेलं तर बहुतेक वेळा निभावतं.

खरी मेख शेवटी पट्टा कुणाच्या हातात आहे इथे असते. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींतून आता पुष्कळ कुत्री पगारी माणसाच्या हातून फिरतात. एका वेळी तीन-चार पट्टे धरलेला पोरगा हे नेहमीचं दृश्य. चार कुत्र्यांना चार वेगळ्या खांबांपाशी थांबायचं असताना त्याने काय करावं? तो सगळ्यांना ओढत नेतो, कारण त्याला सांगितलंय ते अर्धा तास आणि दोन फेऱ्या. तक्रार त्याची नव्हे, आपण केलेल्या बोलीची. महिन्याचे पैसे ठरवताना फेऱ्यांचा आकडा काढून टाकावा, एका वेळी एकच कुत्रा न्यायला सांगावा, त्याचे चार पैसे जास्त द्यावेत, आणि हिसके न देता कुत्र्याने नाक वर काढेपर्यंत थांबायचं, एवढं त्याच्याशी ठरवून घ्यावं.